बिनट्रंपेटचा ट्रंपेटवाला

आमच्या बँडचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो, दुसरा मागवावा लागतो, आणि तोवर आणखी दोन आठवतात. त्यातल्या बहुतेकांत फजिती माझीच असते, म्हणून मित्रमंडळी मन लावून ऐकतात.

बँड भूम गावचा. मालक रशीदचाचा, सगळा जन्म ट्रंपेट वाजवण्यात गेलेला माणूस. मी ट्रंपेट तोंडानं काढतो. ओठ आवळायचे, मूठ पुढं धरायची, की हुबेहूब आवाज. खरा ट्रंपेट मात्र मला कधी वाजलाच न्हाय, फुंकलं की नुसती हवा. म्हणून बँडमध्ये माझ्या हातात खुळखुळा. लग्नवाल्यांना चाचा सांगायचे, "दोन ट्रंपेट, एक सॅक्सोफोन, चार ढोल, आन् हा." चाचांनी एकदा तरी मला वाजवणारा म्हणावं, एवढीच माझी इच्छा. बारा वर्षं त्या एका शब्दासाठी खुळखुळा हलवला.

*

माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, "काय करता?"

"ट्रंपेट वाजवतो."

"कुठंय?"

मी तिथंच एक गाणं वाजवून दाखवलं. सासऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. शेती किती हाय?"

*

एकदा परंड्याहून कुर्डुवाडीला निघालो होतो. एसटीत शेवटच्या सीटवर बसून सराव चाललेला. गाडी सारखी डावीकडं व्हायची, हळू व्हायची, परत निघायची. मला वाटलं रस्ता खराब. शेवटी कंडक्टर मागं आले. आधी मागच्या काचेतून बघितलं, मग माझ्या तोंडाकडं.

"पाव्हणं, तीनदा साइड दिली तुमाला. आता पुढं जावा, न्हायतर गप बसा."

*

दाढ काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांना आधीच बजावलं, "जपून काढा, माझं वाद्य हाय ते." दाढ निघाली. तोंडात कापूस असतानाच मी सूर लावून बघितला. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले.

*

माकणी गावातल्या लग्नात आमच्या दुसऱ्या ट्रंपेटवाल्याला गालफुगी झाली. चाचा म्हणाले, "खुळखुळा ठेव, माइकवर ये." काय वाजवलं म्हणून सांगू! वरात दोन तास नाचली. मग वाजवणाऱ्यांना टॉवेल-टोपी द्यायची वेळ आली. नवऱ्याचे मामा एकेकाच्या हातातलं वाद्य बघत रांगेनं आहेर देत आले. माझे हात रिकामे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमी मोकळंच हाय न्हवं? मग वरणाची बादली घ्या की."

दोन पंगती वाढल्या मी. चाचा जेवायला बसले होते. मला बघून म्हणाले, "थोडं पातळ वाढ."

*

पुढं चाचांच्या छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फुंकायला साफ बंदी केली. नेमकं नातीचं लग्न आलं. ती आजोबांना दादा म्हणायची; हट्टाला पेटलेली, "दादा, माझ्या लग्नात तुमीच वाजवायचं." तिला नाही म्हणायचं चाचांच्या जिवावर आलं. ते माझ्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा.

"मी नुसता तोंडाला लावतो. तू पडद्यामागं ऱ्हा. पोरीला कळू देऊ नको."

मला रडूच आलं. आनंदाचं का अपमानाचं, ते अजून ठरलेलं न्हाय.

लग्नाच्या दिवशी चाचा कडक इस्त्रीचा ड्रेस घालून स्टेजवर उभे राहिले. बोटं अशी चालवत होते की मलाच खरं वाटायला लागलं. मी पडद्यामागं माइक धरून डोळे मिटले. असा सूर मला परत कधी लागला न्हाय. नात उठली आणि चाचांच्या गळ्यात पडली. चाचांनी ट्रंपेट खाली घेतला, तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले.

मी वाजवतोच आहे.

डोळे उघडले तेव्हा कुणीतरी पडदा बाजूला केला होता. सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. नातसुद्धा. चाचांची सगळी इज्जत मी घालवली होती.

चाचा सावकाश माझ्याजवळ आले. माझ्या हातातला माइक घेतला आणि लोकांना म्हणाले, "वाजवणारा ह्यो हाय."

मग ट्रंपेट माझ्या हातात दिला.

"धर. लोकांना बघायला कायतरी लागतं."