वहीवरचं श्री

मिडलच्या इम्तिहानाचा पर्चा साऱ्या हैदराबाद संस्थानात एकच असायचा. भोकरदनच्या पोरानं जे सवाल सोडवायचे, तेच खुद्द हैदराबादच्या पोरानं, आणि तेही उर्दूत. हा कुठला न्याय, असं आज विचारता येतं. तेव्हा विचारायची सोय नव्हती. त्यात वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "पास झालास तर पुढची शाळा. न्हाई तर बैलामागं." वडील बोलले की विषय संपायचा.

इम्तिहानासाठी जालन्याला निघायच्या आधी हेडमास्तरांनी बजावलं, "वह्या तपासायला हैदराबादला जातात. वहीवर फकत नंबर. नाव न्हाई, गाव न्हाई, निशाणी तर बिलकुल न्हाई. दिसली की वही रद्द!"

आईनं हातावर दही ठेवताना वेगळंच बजावलं. "आधी वर श्री लिव्ह. मंग बाकीचं." तिला लिहिता येत नव्हतं, पण हे एक अक्षर ती ओळखायची. पाटी असो की वही, आमच्या घरी श्रीशिवाय आरंभ नसे. मी दोघांनाही मान डोलावली.

जालन्याला हिशेबाचा पर्चा हाती आला आणि पहिलेच सवाल येणारे निघाले. मी खुशीत टाक बुडवून लिहीत सुटलो. पान भरत आलं तेव्हा नजर वर गेली. मधोमध ठसठशीत श्री! हातानं मला न विचारताच काढलं होतं.

पुसावं तर कागद फाटणार, शाई सांडावी तर तीही निशाणीच. पान उलटलं, तर पातळ कागदातून ते पलीकडेही फुटलेलं. त्यावर डावा पंजा दाबून मी उरलेले सवाल कसेबसे सोडवले. देखरेखीवरचे मौलवीसाहेब जवळ आले की पंजा आणखी दाबायचो. बैलांच्या शेपट्या डोळ्यांपुढं हलायच्या.

घंटा झाली. नंबर बघायला वह्या पहिल्या पानावर उघडून ठेवायचा हुकूम झाला. शेजारचा पोरगा कुठल्या गावचा होता, कोण जाणे. त्याचाही पंजा वहीच्या माथ्यावर घट्ट. मौलवीसाहेबांनी खूण केली तसे आम्ही दोघांनी हात उचलले. त्याच्या पानावर ७८६ होतं, मुसलमान घरात आरंभाला लिहितात ते. त्यानं माझं श्री पाहिलं, मी त्याचे आकडे पाहिले. दोघांचेही चेहरे पांढरे पडले. मौलवीसाहेबांनी दोन्ही वह्या पाहिल्या, एकावर एक ठेवल्या आणि न बोलता पुढं गेले.

ते न बोलणंच मला निकालापर्यंत छळत राहिलं. शाळेकडं कुणी टोपीवाला परका माणूस येताना दिसला, की वहीची चौकशी आली असं वाटून मी मागच्या बोळातून घर गाठायचो. ताप आला म्हणून आईनं दृष्टही काढली.

निकाल आला. हेडमास्तरांनी नंबर वाचले, त्यात माझा होता. शेजारच्या पोराचा नंबर मला ठाऊकच नव्हता. त्याचं काय झालं, कधी कळलं नाही.

घरी आईनं तोंडात गुळाचा खडा घातला आणि मोठ्यानं विचारलं, "श्री लिव्हलं व्हतं ना रे?"

मी आधी उठून दार लावलं, मगच हो म्हणालो.