पांगळा चालंल, पण घरी हवाय

"तुमच्या नवऱ्याच्या मेंदूच्या उजव्या बाजूचं रक्त अडलंय. स्ट्रोक आहे. आणि कोरोनाही पॉझिटिव्ह आलाय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला फक्त कोरोना कळला. स्ट्रोक म्हणजे आपण ज्याला अंगावरून वारं गेलं म्हणतो ते, असं त्यांनी मग सांगितलं.

चूक आमचीच. आमच्या गावी, निमोण्यात, नवऱ्याला, संजयला, चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी डावा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "वारं हाय, चोळा." दुपारपर्यंत आम्ही लसणीचं तेल चोळत बसलो. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देतात. शिरूरचा दवाखाना करून पुण्याला पोचेपर्यंत ती वेळ गेली होती. तुम्ही असलं करू नका. तोंड वाकडं दिसलं की तेल ठेवा बाजूला आन् गाडी काढा.

दुसऱ्या दिवशी मेंदूला सूज चढली. मॅडमनी डिकम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टॉमी सुचवली. म्हणजे कवटीचा तुकडा काढून सुजलेल्या मेंदूला जागा करून द्यायची. ते हाड पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात, काही महिन्यांनी परत बसवतात.

"कोरोनानं फुप्फुसं खराब आहेत, भूल देण्यात धोका आहे. नाही केलं तर सूज जीव घेईल. वाचले तरी डावी बाजू पहिल्यासारखी होईल, असं मी सांगणार नाही. तासाभरात ठरवा."

आमच्यात भावकी बसल्याशिवाय बैलसुद्धा विकत नाहीत. दवाखान्यात कुणाला सोडेनात, म्हणून भावकी व्हिडिओ कॉलवर बसली. नऊ जण, नऊ मतं. कुणी म्हणे घरी आणा, कुणी म्हणे आधी कोरोना उतरू द्या. शेवटी आबा रडत म्हणाले, "सूनबाई, पोराला असं पांगळं जगवून काय करायचं गं?"

मी रांजणगावला कंपनीत माल तपासते. खोट दिसली की कुणाला न विचारता लाईन बंद करायचा हक्क मला आहे. इथं तर माझा नवरा होता.

"आबा, पांगळा चालंल. पण मला घरी हवाय," मी म्हणाले आन् फोन कट केला. सासऱ्यांचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा कट केला. मग ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन झालं. मग आठ दिवस व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं मशीन. नळी निघाल्यावर सिस्टरनं संजयला फोनवर दाखवलं. डोक्याची एक बाजू खोलगट, डोळे सुजलेले. मला बघून म्हणाला, "ड्युटीला गेली न्हाईस व्हय?" अगं बाई, किती रडले मी!

पुढं हाड परत बसलं. डावा हात अजून धड चालत नाही, पाय ओढतो. मॅडमचे आणि त्या सिस्टरचे उपकार फिटायचे नाहीत. पण ठरवलं मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. सांगायला लाज कसली?

परवा दौंडला माझ्या माहेरी लग्न होतं. संजय काठी टेकत एकटा मांडवात शिरला. मागं कुणीतरी म्हणालं, "बिचारा!"

आबा गर्रकन वळले. "बिचारा कुणाला म्हणतो रं? पोरगं हाय माझं. चालत आलंय!"