आग लावायला शिकलेले आमचे हे

आमचे हे, म्हणजे हरेश्वर, चौतीस वर्षांच्या संसारात कुणाला 'नाही' म्हणालेले मी ऐकले नाहीत. शेजारी विळा मागतो, हे देतात. तोच शेजारी मूठ मोडून परत आणतो, तरी त्याला चहा पाजतात. मी मात्र तोंडावर बोलते, त्यामुळे अख्ख्या चांदीप गावात खाष्ट कोण, तर मी, जिजा!

अशा माणसाला गेल्या पौषात आग लावायला शिकायची हुक्की आली. हुक्की कसली, वेळच आली होती. आमच्या गोठ्यामागे वरकस जमीन आहे, टेकडीपर्यंत नुसतं गवत. त्याआधीच्या शिमग्याच्या तोंडावर सहलीला आलेल्या कुणीतरी विडी टाकली आणि सगळा माळ पेटला. गोठ्याची मागची कुडाची भिंत जळाली, दोन्ही म्हशी मी ओढून बाहेर काढल्या. यंदा पुन्हा तसं झालं तर गोठा काही वाचत नव्हता. म्हणून निधी नावाची एक मुलगी चार रविवार गावात वणवा अडवायचं शिकवायला आली. गवत सुकलं की गोठ्यालगतचा तीस पावलांचा पट्टा आपणच जाळून ठेवायचा, म्हणजे बाहेरची आग आली तरी तिला तिथे खायला काही उरत नाही.

मोठे दीर हसले. "जन्मभर पेरनीआधी पालापाचोळा जाळून राब भाजला आपन. आता ही पोर आग लावायला शिकवनार?"

हे मात्र गेले. आणि काय सांगू, डोकंच फिरलं माणसाचं! सकाळी उठून चिमूटभर राख उडवायची, वारा बघायचा. गवताची काडी कानाशी मोडून ओल ऐकायची. मी चूल पेटवली की मागे उभे. "जिजा, वाऱ्याच्या उलट पेटव, हळू जळते." अहो, इतकी वर्षं भाकऱ्या काय मी चंद्रावर भाजल्या? एकदा सराव म्हणून अंगणात पालापाचोळा पेटवला, त्यात माझा वाळत घातलेला जवळा गेला. दोन दिवस मी बोलले नाही.

माघातल्या एका रविवारी निधीने ह्यांनाच म्होरक्या केलं. टेकडीकडून सकाळचा वारा आहे तोवर गोठ्याच्या बाजूने पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते, मारून विझवता येते. अकराच्या सुमाराला समुद्राकडचा वारा सुटला की तीच आग टेकडीकडे धावणार. आठ वाजता चाळीस माणसं जमली, हातात ओल्या डहाळ्या, बाजूला पाण्याची पिंपं. हे काडी ओढणार एवढ्यात दीर गरजले, "नारळ कुठाय?"

राबाला नारळ फोडल्याशिवाय आमच्या घरात काडी लावत नाहीत. निधीच्या यादीत सगळं होतं, नारळच नव्हता! दीर स्वतः स्कूटरवरून गेले. आणलेला नारळ नासका निघाला. पुन्हा गेले. वाटेत कुणीतरी भेटलं असणार, दिरांना नेहमीच भेटतं. चांगला नारळ फुटला तेव्हा अकरा वाजत आले होते.

ह्यांनी राख उडवली. राख टेकडीकडे गेली.

"आज नाय," हे म्हणाले.

मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. दीर लाल झाले. "नारळ फुटला, मानसं जमली, जेवन शिजलंय. लाव!"

"नाय दादा. वारा फिरला. उद्या सहाला या."

"भितोस?"

"भितो. सगळी टेकडी जाईल."

गाव पोटभर जेवलं आणि नावं ठेवत घरी गेलं. दुसऱ्या दिवशी अकराच माणसं आली, त्यांत दीर होते. काडी लावताना हे म्हणाले, "दादा, मागं सरा." जन्मात कुणासाठी न सरलेले दीर दोन पावलं मागं सरले. साडेआठच्या आत पट्टा जाळून, विझवून झाला.

शिमग्याला चार दिवस उरले असताना टेकडीवरून आग आलीच. आणि हे विरारला केस कापायला गेलेले! मी एकटी ओली डहाळी घेऊन गोठ्यामागे उभी. आग पट्ट्यापर्यंत आली, कडेकडेने थोडी फिरली आणि विझली. म्हशी रवंथ करत होत्या. मी तिथेच खाली बसून रडले, मग फोन लावला. "आग आली होती. पट्ट्याशी विझली."

पलीकडून कात्रीचा आवाज येत होता, तो थांबला. मग हे म्हणाले, "आनि तू?"

"घरी या आधी!" मी ओरडले. "अर्धे केस राहिले तरी चालतील."