पाच वाजेपर्यंतचे निर्वासित

सरूआक्काची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी टेबलाखाली होतो.

शाळेत रुजू होऊन मला जेमतेम दोन तास झाले होते. हजेरी मांडत होतो तोच धडाम्‌ असा आवाज झाला, खिडक्या थरथरल्या आणि मी, नगरच्या तीन पिढ्यांच्या मास्तर घराण्यातला कुलदीपक, क्षणार्धात टेबलाखाली गेलो. पोरं जागची हलली नाहीत. दारात एक साठीची बाई उभी होती. कमरेवर पिठाचा डबा, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. थोडं वाकून तिनं विचारलं, "गुरुजी, खडू घावला का?"

आमच्या गावाच्या पूर्वेला माळ संपतो तिथे लष्कराची रेंज सुरू होते. तिथे रणगाडे तोफा उडवायचा सराव करतात. ज्या दिवशी सराव, त्या दिवशी माळाकडची वस्ती दिवस उगवायच्या आत रिकामी करायची आणि संध्याकाळी पाचला परतायचं. आदल्या दिवशी तलाठी पत्रक चिकटवतो, कोतवाल देवळाच्या भोंग्यावर ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी शेरडं, म्हातारी माणसं, पाळणे असं सगळं शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसतं. आक्काचं घर आणि पिठाची गिरणी गावात होती. वस्तीत तिचं शेत होतं, शेतावर छप्पर आणि चार शेळ्या. त्यामुळे सरावाच्या दिवशी शेळ्या घेऊन आक्काही शाळेत येऊन बसायची.

या बसण्याचा एक नियम होता, आणि तो कुणाच्या बापजाद्यांनी नव्हे, आक्कानं घालून दिलेला होता. दुसऱ्याच्या दारी जायचं तर पीठ आपलं न्यायचं. तीन दगडांची चूल मांडायची, आपल्या पिठाच्या भाकरी थापायच्या, गावाकडून फक्त पाणी घ्यायचं. "उद्या कुनी म्हनाया नको की वस्तीवाले खायाला आले. घर सुटलं तर सुटू दे, पर तोंड खाली जाया नको," असं ती म्हणायची. शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा डबा ती उघडून बघायची, चिमूट बोटांत चोळायची आणि "लई जाडं हाय, कुठून दळलंस रं?" असं म्हणून त्याची अब्रू काढायची.

रेंजला ती थोरला दीर म्हणायची. "थोरला दीर कसा असतो गुरुजी? वरडतो, खाकरतो, पर घर सोडून जात न्हाई. आन् आपल्यालाबी जाता येत न्हाई. त्याच्याफुडं डोक्यावरनं पदर घ्यायचा, आन् पदराआड काय बोलायचं ते बोलायचं." पदराआड ती जे बोलायची ते मला इथे लिहिता येत नाही, माझी पेन्शन अजून सुरू व्हायचीय. पण एखादा जवान पाणी मागायला आला की त्याला ताकाचा तांब्या मिळायचा. "तुजी आई कुठं हाय बाळा?" ही चौकशी व्हायची आणि जाता जाता "तुज्या सायबाला सांग, आज चारलाच आटपा, शेरडी व्यायला झालीया," असा निरोपही जायचा.

तिचा पुतण्या पप्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. त्या वर्षी थंडीत सीमेवर गोळाबार सुरू झाला आणि पप्याच्या अंगात सेनापती संचारला. पारावर मोबाईल लावून तो बातम्यांपेक्षा मोठ्यानं ओरडायचा, "घुसून मारलं पायजे! युद्ध झालंच पायजे!"

"पप्या," आक्का गिरणीतून हाक मारायची, "तुला चार दिवस झालं उंदीर माराया सांगितलाय. पिंजरा हाय तसाच हाय. आन् युद्ध कशाला मागतो? सोमवारी माळावर हाय की. ये शाळंत बसायला."

त्याच थंडीत रशीद आला. दरवर्षी यायचा, पाठीवर शालींचं गाठोडं घेऊन थेट काश्मिरातून. निम्म्या गावाच्या अंगावर त्याच्याच शाली होत्या, पप्याच्या आईच्याही. यंदा बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर होती. त्याचं गाव अगदी सीमेवरचं, घरावर गोळा पडून छप्पर गेलेलं. चौकामागे त्यानं खोली घेतली होती. पप्याच्या मंडळानं घरमालकाला गाठलं, "असले निर्वासित गावात नकोत, कोन कुठलं काय ठावं," आणि सोमवारी सकाळी त्या तिघांचं सामान रस्त्यावर आलं. पारनेरची एसटी दुपारी होती. शाळा उघडी दिसली म्हणून ते व्हरांड्याच्या कोपऱ्यात येऊन उभे राहिले.

तो दिवस नेमका सरावाचा होता. वस्ती चुलीभोवती बसलेली. पहिला आवाज झाला तसा मी, सवयीनं, फक्त खडू पाडला. रशीदनं मात्र कुणी न सांगता दोन कामं केली. खिडकीच्या कठड्यावरचा आक्काचा पिठाचा डबा उचलून खाली जमिनीवर ठेवला आणि मुलीला खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला टेकवून बसवलं. आक्का घरी हेच करायची. पत्रक लागलं की फडताळातली सगळी भांडी जमिनीवर.

भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "तुमच्याकडं पन असतंय व्हय रं हे?"

"होता है, अम्मा."

"आदल्या दिशी सांगत्यात का?"

"नहीं अम्मा. कोई नहीं बताता."

आक्कानं तव्यावरची भाकरी उतरवून त्या पोरीच्या हातात दिली. डबा न बघता तिनं कुणाला भाकरी दिलेली चार वर्षांत मी पहिल्यांदा बघत होतो.

तेवढ्यात पप्या पाच-सहा जणांना घेऊन आला. "गुरुजी, शाळा सरकारी हाय. ह्यांना भाईर काढा."

मी शिक्षक. अशा वेळी काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी ठामपणे घसा खाकरला.

पप्या आक्काकडे वळून हसला. "आन् काकू, तुझा नियम काय झाला? पीठ आनलंय का ह्यांनी? बघ की डबा उघडून!"

आक्का उठली. हाताचं पीठ पदराला पुसलं. "नियम मला शिकवू नको, माकडा. ज्याला आदल्या दिशी दवंडी आली त्यानं पीठ आनायचं. ज्याच्या छपरावर न सांगता गोळा पडला, त्यानं पोरगी उचलायची का डबा? आन् आज सकाळी तुमी तरी दवंडी दिली हुती का रं? निर्वासित म्हनं! आमी कोन हाय मग? आमी पन निर्वासितच की, पाच वाजेपर्यंतचे. काढ आमाला पन भाईर. हं, काढ!"

व्हरांड्यातल्या चाळीस माणसांनी पप्याकडे बघितलं. एका शेळीनंही बघितलं.

"मग तुझ्या गिरनीवर कोन येतंय तेच बघतो," पप्या पुटपुटला.

"नगं येऊ. तुज्या आईला जात्यावर बसीव."

ती तिघं गिरणीमागच्या खोलीत राहिली. आणि पप्यानं बोलल्याप्रमाणे केलं. निम्मं गाव शेजारच्या गावी दळायला जाऊ लागलं. आक्का वरवर हसायची, "पट्टा पन जरा इसावा घेतोय." पण एका दुपारी मी गेलो तेव्हा बंद गिरणीजवळ बसून ती नुसतीच पाळू, गिरणीचा वरचा दगड, पुसत होती. "लई वाईट वाटतं गुरुजी," ती म्हणाली. "पप्याची आई बाळंतपनात गेल्ती माहेरी, ती परत येस्तोवर त्येच्या बापाला भाकरी मीच घातली. ह्या पोरांची हाडं माझ्या पिठाची हायत." डोळे पुसले, आणि ते मी बघितलं म्हणून माझ्यावरच खेकसली, "तुमी काय बघताय? त्या दिशी घसा खाकरलात, त्यापेक्षा जरा बोलला असता तर!" मला फार लाज वाटली. अजूनही वाटते.

देशप्रेम सव्वा महिना टिकलं. शेजारगावची गिरणी पीठ फार जाडं काढायची, आणि भाकरीला चिरा पडू लागल्यावर बायकांनी मंडळाचा ठराव गुंडाळून ठेवला. डबे पुन्हा आक्काच्या दारात लागले. सगळ्यात शेवटी पप्याची आई आली, रशीदचीच शाल पांघरून. आक्का फक्त म्हणाली, "ठेव तिथं, नंबरानं घेते."

उन्हाळ्याच्या तोंडाला रशीद निघाला. आक्कानं मुलीच्या हातात शेंगदाण्याचे लाडू दिले आणि त्याला बजावलं, "दुसऱ्याच्या दारी जायचं तर पीठ आपलं न्यावं बाबा. येळ घावला तर." मी हिंदीत सांगितलं. त्यानं मान हलवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का गेली. सकाळी दोन पायल्या दळलं, दुपारी छातीत दुखलं, नगरला नेईपर्यंत संपलं. तिला मूलबाळ नव्हतं. अग्नी पप्यानंच दिला, आणि तेरावा झाल्यावर गिरणी उघडून बसू लागला. पीठ बरं काढायचा. बोलणं तेवढं कमी झालं होतं.

थंडीत रशीद आला. शालींच्या गाठोड्यावर एक गोणी बांधलेली. गिरणीत आक्काच्या जागी पप्याला बघून तो दारातच थांबला. मी तिथेच होतो. या वेळी मी घसा न खाकरता सांगितलं.

तो पायरीवर बसला, बराच वेळ रडला. मग गोणी सोडवून आत सरकवली. घरच्या मक्याचं पीठ होतं. "अम्मा ने बोला था, आटा अपना लाना," तो म्हणाला. "इस बार वक़्त मिल गया."

पप्यानं गोणीत हात घातला. चिमूट बोटांत चोळली, अगदी तिच्यासारखी.

"लई जाडं हाय," तो म्हणाला. "बस. परत काढून देतो." आणि त्यानं गिरणी सुरू केली.