घंटा थांबली तो दिवस

आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. हरबाजीची नोकरी मी घालवली.

घाटंजीच्या आमच्या शाळेत हरबाजी शिपाई होता. घंटा देण्याआधी तो ती बाहीनं पुसायचा, जणू तिचीच तपासणी आहे. हे घडलं त्याच्या आदल्या वर्षी तो घरादारासह बौद्ध झाला होता. मी शिक्षक, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कर्म, भक्ती आणि ज्ञान या तीन मार्गांवर फुकट प्रवचन देणारा. कर्मानं मन स्वच्छ होतं, भक्तीनं मीपणा विरघळतो, पण श्रेष्ठ ज्ञानच, असा माझा निकाल. तो सोयीचा होता. ज्ञानासाठी खुर्चीवरून उठावं लागत नाही.

हरबाजी दाराशी उभा राहून ऐकायचा. "वाटनी बराबर झाली, मास्तर," म्हणायचा. "कर्म माह्याकडे, भक्ती तुमच्या घरच्या मास्तरीनबाईकडे, ग्यान तुमच्याकडे." फळाची आशा सोडावी म्हटलं, तर, "सोडतो ना जी. पन सोडाले पहिले हाती तं आलं पायजे!"

एकदा सुट्टी संपली तेव्हा मी नेमका ज्ञानाच्या शिखरावर होतो. तो घंटेकडे निघाला. मी म्हणालो, "थांब रे, एवढं पुरं होऊ दे." 'एवढं' अर्धा तास चाललं. तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. मुलं मैदानात, मास्तर मोक्षात.

साहेब गेल्यावर हेडमास्तर कडाडले, "घंटा का नाही दिली? बौद्ध झाल्यापासून हात जड झाला काय तुझा?"

"मास्तरनं थांबवलं जी. इचारा त्याईले."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. बाकीचे शिक्षक भक्तिभावानं छताकडे पाहत होते. आणि मी, ज्ञानमार्गाचा अभ्यासक, म्हणालो, "मला काही माहीत नाही."

त्याच आठवड्यात त्याला काढलं.

बऱ्याच वर्षांनी वणीच्या स्टँडवर भेटला. राजूरच्या खाणीत कोळसा भरायचा. नखं काळी झालेली.

"काहो मास्तर, मंग कोनता मार्ग मोठा ठरला?"

मी चाचरलो. "हरबाजी, तेव्हा माझ्या लक्षातच..."

"नाही जी. तुमाले मालूम होतं. ग्यानवाले तं तुमीच होते."

कंडक्टरनं घंटी मारली. "पाहा, ह्याले कोनी थांबवलं नाही," म्हणत तो हसला आणि बसमध्ये चढला.

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. हेडमास्तर यवतमाळात आहेत, हरबाजीची बायको राजूरला. 'घंटा मी थांबवली होती' हे एक वाक्य मी त्या दोघांचं देणं लागतो.