नंबराला ठेवलेली वीट

ती वीट कुणी काढली हे विचारायला मी सरळ लीडच्या टेबलाशी गेले. एरवी जात नाही. तो इंजिनीअर, आमच्या टीमचा प्रमुख. मी नववीत शाळा सोडलेली.

"कौनसी ईंट?" तो म्हणाला. "वो ग्रे डब्बा? टेस्ट का क्यूब था यार, पुराने लोग हटाना भूल गए होंगे. मैंने साफ कर दिया."

साफ! जसं काही मांजराने घाण केली होती.

नोएडातल्या आमच्या छोट्या स्टुडिओकडे एका जुन्या ॲनिमेशन फिल्मचं काम आलं होतं. कॉम्प्युटरवर चित्र हलतंय याचंच नवल होतं, त्या काळातली. जेमतेम पाच मिनिटांची. तेव्हा एकेक चित्र तयार व्हायला मशीनला तासन्‌तास लागत. आता तीच फिल्म आम्ही अशी बांधत होतो, की बघणाऱ्याने हातातला कंट्रोलर फिरवला की चित्र त्याच क्षणी तयार व्हावं, गेमसारखं. त्याला फिल्मच्या आत शिरून हिंडता यावं. मूळ फायली केव्हाच गेलेल्या. फिल्म थांबवत थांबवत बघायची आणि एकेक वस्तू नव्याने घडवायची, हे माझं काम. घागरींची मागची बाजू फिल्ममध्ये कुठे दिसतच नाही, तर ती मी आमच्या घरच्या घागरीवरून केली, पोच्यांसकट.

गोष्ट साधी. सार्वजनिक नळाला भांड्यांची रांग. भांडी आपली आपणच सरकतात, भरतात, डुलत निघून जातात. रांगेत मध्येच एक वीट. तिला चालता येत नाही. मागचा हंडा दर वेळी तिला हळूच पुढे ढकलतो. विटेचा नंबर येतो तेव्हा सगळी रांग थांबते. कुणी पुढे होत नाही. मग लांबून एक लहानशी कळशी धापा टाकत येते, हंडा वीट बाजूला करतो, आणि कळशी आपल्या जागी उभी राहते. बस.

ज्याने जन्मात कधी पाण्याला नंबर लावला नाही, त्याला ती वीट डब्बाच दिसणार. आमच्याकडे, हिंगोलीच्या बाजूला, नळ दुपारी केव्हाही यायचा आणि शाळाही दुपारचीच. आई मजुरीला. मी सकाळीच कोळशाची खूण केलेली वीट माझ्या जागी नळाच्या रांगेत ठेवायची आणि दोन-तीन तास वर्गात बसून पळत सुटायची. बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आईबाप काढायच्या. पण ठेवलेली वीट कुणी उचलत नसे. त्या विटेच्या जिवावर मी नववीपर्यंत पोचले. पुढे तो नळच बंद पडला, पाणी दोन कोसांवर गेलं, आणि एवढ्या लांबचा नंबर काही विटेला लावता येईना.

आणि इथे एसीत बसून हा माणूस म्हणतो, साफ कर दिया.

बरं, नुसती वीट गेली असती तरी मी गप्प बसले असते. पण वीट काढून त्याने रांगेतली फट बुजवली. त्यामुळे शेवटी कळशी लांबून पळत येते ती सगळ्यांच्या पुढे घुसते! हे लीडच्याही लक्षात आलं, मग त्याने काय करावं? मागची भांडी रागाने तिच्याकडे वळून बघतात, असं टाकलं. म्हणे कॉमेडी. जी पोर आपल्याच जागेवर येत होती, तिला यांनी लाईन तोडणारी करून ठेवलं.

मी सरांकडे गेले. स्टुडिओ त्यांचा. मी मनात बोलणं जुळवून गेले होते, पण त्यांनी अर्धं ऐकलं आणि हसून म्हणाले, "बेटा, मैंने तुमसे कभी मार्कशीट माँगी?"

नाही मागितली. चार ठिकाणी सर्टिफिकेट नाही म्हणून दारातून परत आले होते. यांनी नुसतं काम बघून नोकरीवर घेतलं. ते उपकार मी विसरत नाही. आजही पगार जमा झाल्याचा मेसेज आला की हात जोडले जातात. पण उपकाराचा असा बूच करून तोंडाला लावायचा असतो का?

मी राहते मावशीकडे, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मावशीने पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतलं. "एका विटेपायी नोकरी घालवतेस? बिल्कुल डोकं नाही तुला. परत जाऊन काय करशील, वीटभट्टी काढशील?"

"मावशी, ती वीट म्हणजे चूक नाहीये गं."

"असू दे ना. तुझी तर नाही ना? चलो, जेव."

मी जेवले. दोन दिवस गप्पही बसले.

तिसऱ्या दिवशी ती मूळ फिल्म केलेल्या बाई आमचं काम बघायला आल्या. मयूर विहारहून एकट्या मेट्रोने, कापडी पिशवी घेऊन, ऐंशीच्या घरात असतील. कंट्रोलर हातात धरून त्या रांगेत शिरल्या, पुढे गेल्या, परत मागे आल्या. काहीतरी शोधत होत्या. चष्मा पुसला, पुन्हा शोधलं.

"मॅम, कुछ ग्लिच थे पुराने वाले में," लीड मोठ्याने म्हणाला. बाई बहिऱ्या नव्हत्या. "हमने क्लीन कर दिए."

शेवटी कळशी घुसली, भांडी फणकारली. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "अच्छा," म्हणाल्या. "अब तो मशीनें आप लोगों की हैं." आणि कंट्रोलर टेबलावर ठेवला.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. जिने ती फिल्म केली, तिलाच तिची चूक समजावतात, आणि ती ऐकून घेते!

"मॅडम, ईंट थी," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. "नंबर की ईंट. इन्होंने निकाल दी. कळशी लाईन नहीं तोड़ रही थी, उसका नंबर था."

बाई माझ्याकडे वळल्या.

"तुमने रखी है कभी?" त्यांनी विचारलं.

"रोज."

त्या सरांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "ईंट वापस रखिए. नहीं तो मेरा नाम हटा दीजिए."

त्या गेल्यावर सरांनी मला बोलावलं. क्लायंटसमोर असं पुन्हा नको, म्हणाले. मी सॉरी म्हणाले. दोनदा म्हणाले. काम टिकलं; पण कशाबद्दल सॉरी म्हणाले मी? अजून आठवलं की कान गरम होतात.

संध्याकाळी लीडने हाक मारली. वीट त्याने जागेवर बसवली होती. भांड्यांचे ते रागीट डोळेही काढले होते. "बाकी बर्तन कितनी देर रुकेंगे? सेकंड बता," तो म्हणाला.

"ती येईपर्यंत," मी मराठीतच म्हणाले, मग हिंदीत सांगितलं.

"ऐसे नहीं होता," तो म्हणाला. बघणारा नळाजवळ आला तरच कळशी निघते; तो तिकडे कोपऱ्यात हिंडत बसला तर ती सुरूच होणार नाही. रांग अडकून पडेल.

"पडू दे अडकून," मी म्हणाले.

त्याने नाही म्हणून मान हलवली, पण खुर्ची थोडी मागे घेतली. मी उभ्यानेच कीबोर्ड ओढला आणि सेकंदांचा आकडा खोडला.