मामाचा सरळ दोडका

उभ्या अमरावतीत स्वतःच्या मालकीचं काहीएक नसलेला घरमालक एकच होऊन गेला, आणि तो माझा सख्खा मामा होता. घर त्याचं, घरामागचं परस त्याचं, कागदोपत्री सगळं चोख. पण ‘माझं’ हा शब्द त्याच्या जिभेवर कधी टिकला नाही. “मालक देव. आपन कारभारी. त्यानं सांभाळाले देल्लं, आपन सांभाळून राहिलो,” हे तो दूधवाल्यापासून पाद्रीसाहेबांपर्यंत सगळ्यांना ऐकवायचा, आणि पंचाईत अशी की हे तो खरंच मानायचा. शिडी देवाची, त्यामुळे मागणाऱ्याला नाही म्हणायचा त्याला अधिकारच नव्हता. ती गल्लीभर हिंडायची. नाताळात घरावर चांदणी टांगायची वेळ आली की मामा आपलीच शिडी शोधत दारोदार फिरायचा, आणि सापडली की अदबीने विचारायचा, “तुमचं काम झालं असन तर नेऊ का?” वर, उद्या आणून देतो असा वायदाही करून यायचा.

या कारभाराचा खरा जाच मामीला झाला, तो दोडक्यापायी. मामाच्या आईने लग्न होऊन येताना अंजनगावहून दोडक्याचं बी पदराला बांधून आणलं होतं. परसातल्या त्या वेलाला मामाचा कायदा लागू होता: “पयलं देवाले, चांगलं बियाले, उरलं ते पोटाले.” म्हणजे वेलावरचा पहिला दोडका रविवारी चर्चमध्ये जायचा, त्यानंतरचे लांब सरळ दोडके बियांसाठी वेलावरच वाळायचे, आणि चुलीपर्यंत पोचायचे ते वाकडे, खुरटे, कानासारखे वळलेले. मामी बाळापूरची, बोलायला खमकी. “या घरात आली तवापासून सरळ दोडका नाई खाल्ला म्या,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. बाजारातून आणायची सोय नव्हती, कारण मामाचा सवाल ठरलेला, “घरी वेल असताना काहून?” बी काढून उरलेली जाळी अंग घासायला नातेवाइकांना मिळे, त्यामुळे आमच्या गोतावळ्यात मळक्या पाठीचा माणूस औषधालाही सापडणार नाही.

आणि बी तो वाटत सुटायचा. लग्नात मामाचं आहेराचं पाकीट सगळ्यात फुगीर असायचं, वरपक्ष हरखून जायचा, आणि आत दोडक्याच्या बिया निघायच्या. पुढे पावसाळ्यात हा त्या जोडप्याकडे जायचा आणि आधी वेलाची खुशाली विचारायचा, मग त्यांची. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईंनाही त्याने बी दिलं, अटीसकट. त्या संकोचून म्हणाल्या, “मामा, आमी तर चर्चमंधी येत नाई.” मामा म्हणाला, “मंग पयला तुमच्या देवाले द्या. माह्या देवाची काई तक्रार नाई.”

दोघांना मूलबाळ नव्हतं. मामी कधी उदास झाली की म्हणायची, “आपल्या मांगं काय राहीन?” मामा म्हणायचा, “वेल राहीन.” मामी तणतणत आत निघून जायची.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेला. पावसाच्या तोंडावर मामीने घरातलं होतं नव्हतं ते सगळं बी एकदम लावलं. मग आठवडाभर झड लागली, परसात पाणी साचलं आणि बी कुजून गेलं. मामीचा मला इकडे अकोल्यात, जठारपेठेत फोन आला. “सासूनं पदरात आणलं, यानं जलमभर राखलं, अन् मी एका पावसात घालवलं.” मी म्हणाले, बाजारातून दुसरं आणू. तिने फोनच ठेवला. माझं चुकलंच होतं.

दिवाळीनंतर कापणीचा सण आला. त्या दिवशी चर्चमध्ये लोक आपापलं पीक वाहतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. रिकाम्या हाताने मामी यायला तयार नव्हती, मी अकोल्याहून येऊन तिला ओढूनच नेलं. आत गेलो आणि ती दारातच थबकली. वेदीपुढच्या टेबलावर ज्वारीची कणसं होती, संत्री होती, आणि दोडके होते. लांब, सरळ, ढीगभर. मामीने दुरूनच ओळखले. शेवटच्या बाकावर फुलवाल्या बाई मांडीवर रिकामी टोपली घेऊन अंग चोरून बसल्या होत्या. “पयला आमच्या देवाले देल्ला मामी,” त्या हळूच म्हणाल्या. “हा मामाच्या देवाले आणला.” त्यांच्या पलीकडून एक लेकुरवाळी उठून आली. तिच्या लग्नात मामाने दिलं होतं तसंच एक फुगीर पाकीट तिने मामीच्या हातात ठेवलं. मामीने ते उघडलं नाही. बोटांनी नुसतं चाचपलं आणि बाकावर बसून पदर तोंडाला लावला.

लिलावात मामीने एका सरळ दोडक्यावर बोली लावली. तिच्यावर कोणीच बोली चढवली नाही.

घरी येऊन तिने तो चिरला, तिखट-मीठ घालून शिजवला, आणि आम्ही दोघी जेवायला बसलो. पहिला घास ती बराच वेळ चावत राहिली.

“चव तर तेच हाय व,” ती म्हणाली. “वाकड्याची होती तेच. जलमभर बोलली मी त्याले. हे तेवढं सांगाचं राहून गेलं.”